टेलिकन्व्हर्टर : अंतराचा जमाखर्च



दिवाळीची धावपळ आणि वहीपूजन आटोपले की आपल्याकडील अनेक कुटुंबे सहलींचे बेत आखू लागतात. अलीकडे या बेतांत तीर्थवंदनेबरोबर पक्षिदर्शनाचीही भर पडली आहे. पुणे-सोलापूर मार्गावर भिगवणजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब, चक्रवाक असे पाहुणे उतरतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. पाठोपाठ २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीलाही तो मान मिळाला. अशा ठिकाणी जाताना घरातील तरुणांच्या गळ्यात कॅमेरा असतो आणि त्याला १०० ते ४०० किंवा २०० ते ६०० मिलिमीटरची झूम लेन्स जोडलेली असते. तरीही परतल्यावर तक्रार एकच असते : पक्षी लहान येतो, लेन्स कमी पडते. मग कोणीतरी उपाय सुचवतो, टेलिकन्व्हर्टर घ्या.

ही वस्तू नेमके काय देते, त्या बदल्यात काय घेते आणि आपल्यासारख्या अहिंसेचे संस्कार असलेल्या घरात तिचा खरा उपयोग कोणता, याचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

प्रकाशाचे व्याज

टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी, काही भिंगे असलेली, मुठीत मावणारी एक नळी. लेन्समधून एका बिंदूकडे झुकत येणारे किरण ती किंचित बाहेर फाकवते. त्यामुळे सेन्सरवर पडणारी प्रतिमा मोठी होते. तत्त्व जुने आहे. पीटर बार्लो या ब्रिटिश गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात दुर्बिणीसाठी याच जातीचे भिंग योजले होते आणि आकाशनिरीक्षक आजही ते ‘बार्लो’ या नावानेच वापरतात.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आढळतात : १.४ पट आणि २ पट. ४०० मिलिमीटरची लेन्स पहिल्याने ५६० ची होते, दुसऱ्याने ८०० ची. लेन्सची ही लांबी जितकी अधिक, तितका दूरचा विषय चित्रात मोठा दिसतो. येथवर सगळा लाभच दिसतो. परंतु ही नळी नवीन प्रकाश निर्माण करीत नाही. आहे तोच प्रकाश मोठ्या जागेवर पसरवते. प्रतिमा लांबीत १.४ पट आणि रुंदीतही १.४ पट वाढली म्हणजे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झाले. तेवढाच प्रकाश दुप्पट जागेत वाटला गेला, म्हणून प्रत्येक ठिकाणी तो निम्मा उरला. २ पट कन्व्हर्टरमध्ये क्षेत्र चौपट होते आणि प्रकाश पाव उरतो.

छायाचित्रकाराच्या भाषेत पहिल्याने एक ‘स्टॉप’ आणि दुसऱ्याने दोन ‘स्टॉप’ जातात. लेन्सचा एफ-आकडा वाढला की प्रकाश घटला असे समजावे. ४०० मिलिमीटरला एफ/५.६ असलेली लेन्स १.४ पट कन्व्हर्टरने एफ/८ होते, तर २ पट कन्व्हर्टरने एफ/११. समजा, सकाळच्या उन्हात आपण सेकंदाच्या एक हजारांश वेळेत, ८०० आयएसओवर चित्र घेत होतो. तोच वेग राखावयाचा तर १.४ पटीला आयएसओ १६०० आणि २ पटीला ३२०० करावा लागतो. आयएसओ वाढवला की चित्रात दाणेदारपणा येतो. तो नको म्हणून वेग कमी केला तर उडणारा पंख पुसट होतो. यापैकी काहीतरी द्यावेच लागते.

व्यापाऱ्यास हा व्यवहार अपरिचित नाही. कर्जाऊ भांडवलाने उलाढाल वाढते, पण व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते. येथे व्याज प्रकाशात फेडावे लागते आणि ते आगाऊच कापले जाते. शिवाय उसन्या भांडवलाने नफा जसा वाढतो तसा तोटाही वाढतो. कन्व्हर्टर पक्ष्याला मोठे करतो तसे लेन्समधील दोषही मोठे करतो. कडांवरील रंगीत झालर, किंचित मऊपणा, हाताचा कंप, फोकसमधील केसभर चूक, सारे त्याच पटीत वाढते. म्हणून चांगल्या लेन्सवर लावलेला कन्व्हर्टर चांगला ठरतो आणि मध्यम लेन्सवर तोच निराशा करतो.

झूम लेन्सची निराळी प्रकृती

एकाच लांबीच्या लेन्सपेक्षा झूम लेन्सवर कन्व्हर्टर लावताना अधिक विचार करावा लागतो. पुष्कळशा झूम लेन्सा त्यांच्या सर्वांत लांब टोकाला किंचित मऊ असतात आणि प्रकाशही तेथेच कमी घेतात. दुर्दैव असे की कन्व्हर्टरची गरज नेमकी त्याच टोकाला भासते. लेन्स ३०० वर असताना कन्व्हर्टर लावून ४२० मिळवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा तो काढून लेन्स सरळ ४०० वर न्यावी. झूम पुरती संपल्यावरच कन्व्हर्टरचा विचार करावा, हा पहिला नियम.

दुसरी गोष्ट फोकसची. आरसा असलेल्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांचा स्वयंचलित फोकस एफ/५.६ पर्यंतच विश्वासाने चाले. २०१२ च्या सुमारास निकॉनच्या डी४ सारख्या कॅमेऱ्यांनी ही मर्यादा एफ/८ पर्यंत नेली, पण तीही मोजक्या फोकसबिंदूंपुरती. आता १५० ते ६०० मिलिमीटरची, लांब टोकाला एफ/६.३ असणारी लोकप्रिय लेन्स घ्या. तिच्यावर १.४ पट कन्व्हर्टर चढवला की ८४० मिलिमीटर आणि एफ/९ होते. जुन्या कॅमेऱ्यावर तेथे फोकस चाचपडू लागतो किंवा थांबतोच. मिररलेस कॅमेरे सेन्सरवरूनच फोकस करतात, म्हणून ते यापेक्षा कितीतरी कमी प्रकाशातही काम करतात. घरात कोणता कॅमेरा आहे, हे पाहिल्याशिवाय कन्व्हर्टर घेऊ नये.

फोकस चालला तरी त्याचा वेग मंदावतो. कॅननने आपल्या ईएफ मालिकेबाबत हे स्वतःच स्पष्ट केले आहे : १.४ पटीने फोकसचा वेग निम्मा होतो, २ पटीने पाव उरतो. अचूकता राखण्यासाठी हा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. पाण्यात स्थिर उभ्या बगळ्यास त्याने फरक पडत नाही. झेपावणाऱ्या खंड्यास पडतो.

तिसरी गोष्ट जुळणीची. कन्व्हर्टरचे पुढचे भिंग बहुधा बाहेर आलेले असते आणि ते लेन्सच्या मागील पोकळीत शिरते. ज्या लेन्समध्ये तेवढी पोकळी नाही, तिच्यावर तो बसतच नाही; बळाने बसवल्यास भिंगावर भिंग आदळण्याची भीती असते. काही झूम लेन्सांवर तो अर्धवटच चालतो. कॅननच्या आरएफ १००-५०० या लेन्सवर कन्व्हर्टर असताना तिला ३०० च्या खाली आणता येत नाही. १.४ पट लावल्यावर हाती ४२० ते ७०० एवढाच पल्ला उरतो आणि झूमचे अर्धे सुख हरपते. सोनीच्या २००-६०० वर अशी अडचण नाही; तेथे संपूर्ण पल्ला २८० ते ८४० असा सरकतो, मात्र एफ-आकडा ८ ते ९ होतो. सर्वांत अनुकूल जोडी म्हणजे ७०-२०० एफ/२.८ ची. तिच्यापाशी प्रकाशाची शिल्लक मोठी असल्याने १.४ पटीने ती २८० एफ/४ आणि २ पटीनेही ४०० एफ/५.६ एवढी वापरण्याजोगी राहते. ज्याच्या खात्यात शिल्लक आहे त्यालाच हे व्याज परवडते.

झूमचा एक गुण मात्र कन्व्हर्टर लावल्यावर अधिकच उपयोगी पडतो. ५६० मिलिमीटरला, पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, दृश्याचा कोन कर्णरेषेत जेमतेम साडेचार अंश असतो. एवढ्या चिंचोळ्या खिडकीत फांदीवरचा पक्षी शोधणे अवघड. अशा वेळी लेन्स आखूड टोकाला आणून पक्षी मध्यभागी घ्यावा आणि मग हळूहळू लांबवावे.

लावावा कधी, काढावा कधी

पहाटेच्या पहिल्या उजेडात कन्व्हर्टर पिशवीतच राहू द्यावा. ऊन नीट वर आले, पक्षी स्थिर आहे आणि झूम संपली आहे, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या की तो लावावा. एफ/८ असल्यास, प्रकाश पुरेसा असेल तर, एफ/९ किंवा एफ/११ करून पाहावे. अनेक लेन्सा तेथे अधिक रेखीव होतात. शटरचा वेग सेकंदाचा ‘एक भागिले लेन्सची लांबी’ याहून कमी नको, ही जुनी मोजणी अजूनही धरावी. सेन्सर लहान असेल तर ५६० चे दृश्य ८४० सारखे दिसते. तेव्हा निदान सेकंदाच्या आठशेव्या भागाइतका वेग हवा. लेन्समधील कंपरोधक यंत्रणा आपल्या हाताचा कंप सावरते. पक्ष्याची हालचाल थांबवणे तिच्या हाती नाही. भिगवणच्या नावेत तर नाव हलते, आपण हलतो आणि पक्षीही हलतो. तिथे तिपाई निरुपयोगी आणि २ पट कन्व्हर्टर बहुधा व्यर्थ.

साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची आणि माळावरची हवा तापून थरथरू लागते. त्या थरथरणाऱ्या थरांतून आलेली प्रतिमा कोणतीही महागडी लेन्स सुधारू शकत नाही. कन्व्हर्टरला दोष देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. त्या वेळी तो काढून ठेवावा आणि पक्ष्यांकडे दुर्बिणीतून नुसते पाहावे.

खरेदीपूर्वीचे चार प्रश्न

पहिला प्रश्न : चित्र कशासाठी हवे? कन्व्हर्टर न लावता चित्र घेऊन नंतर मधला भाग कापून घेणे हा बिनखर्चाचा पर्याय आहे. २४ मेगापिक्सेलच्या चित्रातून १.४ पटीएवढा भाग कापला तर सुमारे १२ मेगापिक्सेल उरतात. ए-४ आकाराची उत्तम छपाई पावणेनऊ मेगापिक्सेलमध्ये होते. म्हणजे घरच्या संग्रहासाठी आणि नातलगांना पाठवण्यासाठी कन्व्हर्टरची गरजच नाही. भिंतीवर मोठे चित्र लावायचे असेल किंवा पिसांचा बारकावा हवा असेल, तेव्हाच त्याचा खरा फायदा दिसतो.

दुसरा प्रश्न : आपल्या लेन्सच्या उत्पादकाने याच लेन्ससाठी तो सुचवला आहे का? उत्पादकाची जुळणीची यादी पाहावी आणि शक्यतो त्याच कंपनीचा घ्यावा. तिसरा प्रश्न : १.४ की २? एफ/२.८ ची लेन्स नसेल तर १.४ वरच थांबावे. चौथा प्रश्न : वर्षातून किती दिवस वापरणार? पुण्या-मुंबईत कॅमेऱ्याचे साहित्य भाड्याने मिळते. एक हिवाळा भाड्याने आणून पाहावे. दुकानातच समोरच्या रस्त्यावरील पाटीचे एक चित्र कन्व्हर्टरसह आणि एक त्याविना घ्यावे. दुसरे कापून दोन्ही संगणकावर शेजारी ठेवावीत. अक्षरांत फरक दिसला नाही तर पैसे वाचले.

खर्चाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ६०० मिलिमीटर एफ/४ ची मोठी लेन्स दहा लाखांहून अधिक किमतीची आणि सुमारे तीन किलो वजनाची असते. लांब लेन्समध्येच १.४ पट कन्व्हर्टर बसवलेल्या, एका कळीने आत-बाहेर सरकणाऱ्या झूम लेन्साही निघाल्या आहेत. कॅननची २००-४०० एफ/४ ही २०१३ मध्ये आली. त्यांची किंमतही अनेक लाखांत असते. त्या तुलनेत पाव किलोहून हलका आणि लाखाच्या आतला कन्व्हर्टर ही मर्यादित साधनांत भागवण्याची वाट आहे. परिग्रहपरिमाण व्रताचा अर्थ घरातील वस्तू मोजण्यापुरता नसून हव्यासाला कुंपण घालण्याचा आहे. छंदालाही असे कुंपण हवे. एक कॅमेरा, एक झूम, फार तर एक कन्व्हर्टर, आणि पुढचा खर्च प्रवासावर, पुस्तकांवर व दाण्यापाण्यावर, असे घरात बसून ठरवून टाकावे.

तोच तक्ता उलट बाजूने

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कन्व्हर्टरचा लाभ सांगताना नेहमी एकच बाजू वाचली जाते : त्याच जागेवरून पक्षी १.४ पट मोठा दिसेल. परंतु खात्याला दुसरीही बाजू असते. ४०० मिलिमीटरने ४० मीटरवरून पक्षी जेवढा दिसतो, तेवढाच तो ५६० ने ५६ मीटरवरून दिसतो आणि ८०० ने ८० मीटरवरून. पहिल्या कन्व्हर्टरने १६ मीटर माघार शक्य झाली. माझ्या मते आपल्या घरातील छायाचित्रकाराने कन्व्हर्टर घ्यावा तो या १६ मीटरांसाठी.

पक्ष्याच्या दृष्टीने हे १६ मीटर क्षुल्लक नाहीत. रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून, पाणी गाळत अन्न मिळवतो. त्याला उडण्यापूर्वी पाण्यावर धावत जावे लागते. उडत्या थव्याचे चित्र हवे म्हणून नाव पुढे दामटण्याचा आग्रह नावाड्याला करणारे पर्यटक दिसतात. एका चित्रासाठी शेकडो पक्ष्यांचे खाणे थांबते आणि खर्ची पडलेली शक्ती त्यांना पुन्हा चरून भरून काढावी लागते. पक्ष्याने खाणे थांबवून मान उंचावली, आपल्याकडे टक लावली, दोन पावले दूर सरकला की समजावे, आपण त्याची हद्द ओलांडली. नाव तेथेच थांबवण्यास सांगावे. नावाड्यास त्याचे मानधन आनंदाने आणि थोडे अधिक द्यावे, म्हणजे थवा न उडवण्यातही त्याचे नुकसान नाही हे त्याला पटेल.

घरट्यांच्या बाबतीत तर अधिक कठोर व्हावे लागेल. आपल्याकडे सुगरणीसारखे कितीतरी पक्षी पावसाळ्यात घरटी करतात. हाच चातुर्मासाचा काळ. जीवजंतूंची विराधना होऊ नये म्हणून आपले साधू-साध्वी ज्या महिन्यांत विहार थांबवतात, त्याच महिन्यांत घरट्यांच्या शोधात झुडपे चाळत फिरणे आपल्याला शोभत नाही. माणूस जवळ उभा असला की चोचीत चारा धरलेला पक्षी समोरच्या फांदीवर ताटकळत बसतो, घरट्यात जात नाही. पिले उपाशी राहतात, अंडी उन्हात उघडी पडतात. चित्र स्वच्छ यावे म्हणून आजूबाजूची पाने छाटली तर कावळ्याला वाट मोकळी होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हेही समाविष्ट आहे. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या पांजरपोळ आणि पक्ष्यांची रुग्णालये चालवली, त्याच्या मुलाबाळांकडून अजाणता का होईना, कायद्याच्या भाषेत शिकार घडावी, याहून खेदाची गोष्ट कोणती?

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कन्व्हर्टर हा घरट्याचे चित्र घेण्याचा परवाना नव्हे. दुरून का होईना, तासन्‌तास उभे राहिल्याने इतरांचे, माणसांचे आणि भक्षकांचेही, लक्ष तिकडे वेधले जाते. घरटे दिसले तर पाहून हात जोडावेत आणि पुढे निघावे. त्याचे ठिकाणही कोणाला कळवू नये.

मोकळ्या विषयांसाठी कन्व्हर्टरचा एक सुंदर गुण मात्र जरूर वापरावा. लेन्स जितक्या जवळून फोकस करू शकते, ते अंतर कन्व्हर्टर लावल्याने बदलत नाही. मोठेपणा मात्र १.४ पट वाढतो. त्यामुळे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेले नीलवंत, चतुर, फुलावरची मधमाशी यांची चित्रे पायवाटेवर उभे राहूनच घेता येतात. गवतात शिरावे लागत नाही. त्या गवताच्या बुडाशी किती जीव असतात, हे आपल्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. चालताना पुढील चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती साधूंसाठी सांगितली आहे. गृहस्थाने निदान गळ्यात कॅमेरा असताना तरी ती पाळावी. कारण त्या वेळी डोळा आकाशात असतो आणि पाय जमिनीवर.

दिगंबर परंपरेत भगवान सुमतिनाथांचे लांछन चकवा म्हणजे चक्रवाक मानले जाते. हिवाळ्यात उजनीच्या काठावर नारिंगी-तपकिरी रंगाची ही जोडी सहज दिसते. मुलांना ती दाखवावी. मंदिरातील पादपीठावर कोरलेला पक्षी आणि समोर पाण्यात चरणारा पक्षी एकच आहे, हे कळल्यावर मुले आपणहून आवाज खाली आणतात.

म्हणून या हिवाळ्यात घरातील तरुणाने कन्व्हर्टरची मागणी केली तर वडीलधाऱ्यांनी ती एकदम नाकारू नये आणि एकदम मान्यही करू नये. आधी वरील चार प्रश्न विचारावेत. उत्तरे समाधानकारक असतील तर वस्तू आणून द्यावी आणि सोबत एक अट घालावी : याने जेवढे मीटर मिळतील, तेवढे पक्ष्याच्या खाती जमा करायचे. चित्र थोडे दाणेदार आले तरी चालेल. पक्षी आपण निघाल्यावरही तेथेच चरत राहिला, तर सहलीचा ताळेबंद नफ्याचा समजावा.

जय जिनेंद्र.